प्राचीन संस्कृतीवर बेतलेलं ब्रास आणि तालवाद्यांचं संगीत: बेळगाव सीमाभागातल्या वादकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात बँड पथकं आहेत, शाळांचे बँड आहेत, ढोल-ताशावाले आणि हलगीवाले आहेत. शिवजयंतीच्या चित्ररथाला किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनाला हल्ली मागणी येते, "काहीतरी प्राचीन वाटेल असं बसवा." बँडसाठी नोटेशन लिहिताना हे प्रश्न मला सतत विचारले जातात. उत्तरं वाजवणाऱ्यांसाठी आहेत, म्हणून जिथे कामाचा तपशील आहे तिथे मी जास्त रेंगाळलो आहे.

हे नेमकं कसलं संगीत?

ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, युफोनियम, सूसाफोन यांसारखी फुंकून वाजवायची धातूची वाद्यं आणि सोबत भरपूर तालवाद्यं. विषय एखादी जुनी संस्कृती: इजिप्त, रोम, सिंधू, सातवाहन. शब्द नसतात. भरताच्या नाट्यशास्त्रातली वाद्यांची विभागणी लावायची तर सुषिर (फुंकायची), अवनद्ध (कातडं मढवलेली) आणि घन (झांजेसारखी धातूची) हे तीन वर्ग इथे एकत्र येतात, तंतुवाद्यं बाहेर राहतात. सनई-चौघडा ज्यांनी ऐकला आहे त्यांना ही जोडी नवी वाटायला नको.

त्या काळी लोक काय वाजवत होते, हे खरंच कळलं आहे का?

सुरावटी फार थोड्या उरल्या आहेत. सीरियातल्या उगारिट इथे मातीच्या पाट्यांवर लिहिलेली स्तोत्रं मिळाली, ती इ. स. पूर्व १४०० च्या आसपासची. तुर्कस्तानात आयदिनजवळ सापडलेल्या सेइकिलॉसच्या स्मृतिशिळेवर एक छोटं गाणं पूर्ण स्वरांसह कोरलेलं आहे. ते इ. स. पहिल्या-दुसऱ्या शतकातलं, आणि शिळा आज कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दोन्ही गळ्यासाठी आहेत. रणशिंगावर काय वाजत होतं ते असं लिहिलेलं नाही.

वाद्यं मात्र हातात आहेत, शिल्पंही आहेत. नळीची लांबी मोजता येते, आणि नळीची लांबी कळली की तिच्यातून कोणते स्वर निघतील ते निसर्गाने ठरवून दिलेलं असतं. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे: कल्पनेतली "प्राचीन चाल" शोधू नका, वाद्याच्या मर्यादेपासून सुरुवात करा. ती मर्यादा खरी आहे, आणि तेव्हाच्या वादकापुढेही तीच होती.

सगळ्यात प्रसिद्ध जुनी तुतारी कोणती? ती कुणी वाजवली आहे का?

इजिप्तचा राजा तुतनखामुन याच्या थडग्यातल्या दोन तुताऱ्या. हॉवर्ड कार्टरने हे थडगं १९२२ साली शोधलं. राजा वारला तो इ. स. पूर्व १३२३ च्या सुमारास, म्हणजे वाद्यं तेहतीसशे वर्षांहून जुनी. एक चांदीची, सुमारे ५८ सेंटिमीटर, दुसरी तांब्याच्या मिश्रधातूची, सुमारे ५० सेंटिमीटर. दोन्ही सरळ नळ्या, पुढे कर्णा. आत रंगवलेला लाकडी गाभा ठेवलेला, पातळ पत्र्याला पोचे पडू नयेत म्हणून. वाद्याची इतकी काळजी घेणारा माणूस आपल्याच जातकुळीतला.

एप्रिल १९३९ मध्ये कैरोच्या संग्रहालयातून बीबीसीने त्यांचा आवाज प्रसारित केला. वाजवणारा जेम्स टॅपर्न नावाचा ब्रिटिश लष्करी बँडमधला वादक होता. ते ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं, आणि ऐकलेले बरेच जण म्हणतात, "अरे, यावर तर झकास वाजतंय!" इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. टॅपर्नने नळीत आधुनिक माउथपीस बसवून वाजवलं होतं. मूळ तुतारीला वाटीसारखं माउथपीस नाही, ओठ टेकवायला नुसती कडी आहे. ज्या अभ्यासकांनी मूळ रूपात ती तपासली त्यांच्या मते एकच स्वर खणखणीत लागतो, त्याखालचा कमकुवत आहे, आणि वरचा काढायला जीव काढावा लागतो. म्हणजे ती गाण्याची नव्हती, इशाऱ्याची होती. सैन्याला "चला" आणि "थांबा" सांगायला एक स्वर आणि त्याची लय पुरते.

ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो, इजिप्तमधल्या बुसिरिस गावचे लोक तुतारी वापरत नसत, कारण तिचा आवाज त्यांना गाढवाच्या ओरडण्यासारखा वाटे. तुमच्या बँडमधल्या नव्या पोराचा पहिल्या आठवड्यातला सूर फाटला तर त्याला हे जरूर सांगा.

दोन-चार स्वरांत रचना कशी होणार? लोक कंटाळतील.

होते, आणि कंटाळत नाहीत. व्हॉल्व्ह (बोटाने दाबायची कळ, जिने नळीची लांबी बदलते) नसलेल्या नळीतून सा, पा, वरचा सा, ग, पा, मग जरा उतरलेला कोमल नी, पुन्हा सा, असे स्वर चढत जातात. बिगूल हेच करतं. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, बिगुलाचा आवाज या शहराच्या कानात बसलेला आहे. बिगुलाला एकही व्हॉल्व्ह नाही, त्याचे सगळे इशारे याच मोजक्या स्वरांतले. आपल्या पथकात सैन्याच्या बँडमधून निवृत्त झालेला कुणी असेल तर त्याला पहिल्या तालमीला बोलवा. पुस्तकापेक्षा जास्त शिकाल.

यातला गंधार तुमच्या ओळखीचा आहे. तानपुऱ्याचा खर्ज नीट जुळला की जो स्वयंभू गंधार आपोआप ऐकू येतो, तोच हा, मूळ नादाच्या पाचपट कंपनांचा स्वर. हार्मोनियमच्या गंधारापेक्षा तो थोडा खाली असतो, जवळपास १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). म्हणून तो पेटीला लावून "दुरुस्त" करू नका. तो तसाच राहू दिला तर चार ट्रम्पेट एकत्र लागल्यावर हवा थरारते.

आता एक युक्ती, जी मी प्रत्येक पथकाला सांगतो. ट्रम्पेटचे दोन गट करा. पहिल्या गटाने एकही व्हॉल्व्ह दाबायचा नाही. दुसऱ्याने पहिला व्हॉल्व्ह दाबूनच ठेवायचा, सोडायचा नाही. दुसऱ्या गटाची नळी त्यामुळे एका पूर्ण स्वराने खाली जाते. पहिल्या गटाकडे सा, ग, पा आले. दुसऱ्याकडे (पहिल्याच्या सा वरून मोजलं तर) कोमल नी, म आणि रे. दोघांचे मिळून सा रे ग म प आणि कोमल नी, सहा स्वर! पण कुठल्याही एका गटाला पूर्ण ओळ वाजवता येत नाही. एकाने अर्धा शब्द बोलायचा, दुसऱ्याने तो पुरा करायचा. असं वाजवताना वादक एकमेकांकडे बघायला लागतात, आणि पथक एका जिवाचं होतं. नव्या मुलांनाही हे जमतं, कारण बोटांचं कामच नाही, सगळं ओठांवर आणि श्वासावर.

इटालियन संगीतकार जुझेप्पे वर्दी यानेही अशीच एक जागा साधली आहे. कैरोत २४ डिसेंबर १८७१ रोजी पहिल्यांदा झालेल्या 'आयडा' या त्याच्या ऑपेरासाठी लांब सरळ तुताऱ्या मुद्दाम बनवून घेतल्या होत्या. विजययात्रेच्या प्रसंगात आधी ए फ्लॅटच्या तीन वाजतात, मग बी नॅचरलच्या तीन. आपल्या पेटीवर म्हणाल तर काळी चारवरून एकदम पांढरी सात. नळी बदलली की सा बदलतो, आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

कोणती संस्कृती निवडावी? सगळे इजिप्तच घेतात.

इजिप्त घ्या, हरकत नाही. रोमही समृद्ध आहे: सरळ लांब टुबा, अंगाभोवती वळलेला कॉर्नु. रोमच्या ट्राजन स्तंभावर कॉर्नु वाजवणारे कोरलेले आहेत, पाँपेईत प्रत्यक्ष वाद्यं सापडली. रोमन लोक मार्च आणि मे महिन्यात ट्युबिलस्ट्रियम पाळत, त्या दिवशी तुताऱ्यांची शुद्धी होई. खंडेनवमीला आपण ढोल-ताशे मांडून हळदकुंकू लावतो, तीच श्रद्धा.

तरीही माझं मत विचाराल तर सातवाहन. बेळगावच्या वडगाव-माधवपूर भागात झालेल्या उत्खननात सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष मिळाले. ज्या वडगावात आज हातमाग-यंत्रमागाची खटखट ऐकू येते, तिथेच ते गाव नांदत होतं. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकातल्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची रोमन पद्धतीची कांस्यमूर्ती मिळाली, ती टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. निपाणीहून तासाभरात पोचाल. मुलांना घेऊन जा. समुद्रापलीकडचा देव पंचगंगेच्या काठी कसा आला, हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की संगीत सुचायला वेळ लागत नाही.

आणि सांची. तिथल्या दक्षिण तोरणावर श्री सातकर्णी राजाच्या कारागिरांच्या मुख्याचा, आनंदाचा, लेख आहे. उत्तर तोरणावर परदेशी पोशाखातले लोक स्तूपाला वंदन करताना दिसतात, आणि त्यांच्यात वादक आहेत: ढोल, जोडपावा, आणि उंच उभी धरलेली, तोंडाशी जनावराच्या डोक्याची शिंगं. अशीच उंच शिंगं युरोपातले केल्ट लोक युद्धात वाजवत, त्यांना कार्निक्स म्हणतात. दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्रास आणि तालवाद्यांचा ताफा आपल्याच देशात दगडात कोरून ठेवला आहे! लोणावळ्याजवळच्या भाजे लेण्यात एक स्त्री जोडीचं तालवाद्य वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे, तेही पाहून या.

खानापूरकरांना हलशी आहेच. कदंब राजांची पलाशिका ती हीच, पाचव्या शतकातले ताम्रपट तिथे मिळाले. बदामी, ऐहोळे, पट्टदकल ही चालुक्यांची ठाणी शाळेच्या सहलीच्या अंतरावर. बदामीच्या पहिल्या लेण्यातला अठरा हातांचा नटराज समोर उभं राहून पाहिल्याशिवाय चालुक्यांवर काही लिहू नये, असं मला वाटतं.

ठेका कुठला घ्यायचा?

सातवाहन घेतलेत तर उत्तर हाताशी आहे. नाट्यशास्त्राचा काळ साधारण इ. स. पूर्व २०० ते इ. स. २०० मानतात, आणि त्यात ताल लघु, गुरु, प्लुत यांत बांधलेले आहेत. चच्चत्पुट म्हणजे गुरु, गुरु, लघु, प्लुत: २+२+१+३, आठ मात्रा. चाचपुट म्हणजे २+१+१+२, सहा मात्रा. हलगीवर चच्चत्पुट लावून बघा. आठच मात्रा, पण केरव्यासारखी समान पडत नाही. ती एकटी लघु मात्रा पाय अडवते आणि प्लुत सोडून देतो. हलगीवाल्याला कागद दाखवू नका, तोंडाने बोल सांगा, चार आवर्तनांत तो त्यात स्वतःचं काहीतरी घालेल.

दुसरा रस्ता गाथेचा. हाल सातवाहनाच्या नावावर असलेली गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतात आहे, आणि गाथा छंदाची पहिली ओळ १२+१८, दुसरी १२+१५ मात्रांची. पहिला अर्धा भाग ३० मात्रांचा, दुसरा २७ चा. ढोलाला चार-चार मात्रांचे गट द्या आणि दुसऱ्या ओळीत तीन मात्रा कमी होतात तिथे झांज टाका. ऐकणाऱ्याला कारण कळणार नाही, पण जमीन सरकल्याचं जाणवेल.

रोम किंवा इजिप्त घेतलात तर साधा दोन पावलांचा चालीचा ठेका घ्या आणि तो आपलाच आहे हे मोकळेपणाने सांगा.

सिनेमात असते तशी "वाळवंटी" सुरावट घातली तर?

घालू नका. कोमल रे वरून शुद्ध ग वर उडी मारली की इजिप्त, ही सवय अलीकडच्या काळातली आहे. तुतनखामुनच्या तुतारीतून ती ओळ निघतच नाही.

किती वादक लागतात?

बारा-तेरा जणांत उत्तम होतं. चार ट्रम्पेट, दोन ट्रॉम्बोन, एक युफोनियम, एक सूसाफोन. दोन हलग्या, एक ढोल किंवा डोळ्ळू (कन्नड मुलखातला मोठा ढोल), एक संबळ, एक मोठी झांज. ट्रॉम्बोन मिळाला तर सोडू नका, सरकत्या नळीमुळे तो जुन्या शिंगांच्या स्वरांना तंतोतंत मिळतो. आपल्याकडे क्लॅरिनेटवाले पुष्कळ आहेत आणि त्यांना बाहेर बसवणं बरं दिसत नाही. त्यांना जोडपाव्याचं काम द्या, दोघांनी मिळून, एकाने सा धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने फिरायचं. कॅसिओ नको.

चिकोडी-गोकाककडच्या पथकांत करडी मजलाचे (करडी या ढोलाभोवती उभ्या लोकवाद्यपथकाचे) वादक असतील तर त्यांना जरूर घ्या. करडीचा आवाज ब्रासला खालून आधार देतो.

हलगी, संबळ ब्रासपुढे ऐकू येतील का?

हलगी सगळ्यांना पुरून उरते. तिचा प्रश्न आवाजाचा नाही, हवेचा आहे. बेळगावच्या पावसाळ्यात कातडं ढिलं पडतं, शेकोटीवर तापवलेली हलगी पंधरा मिनिटांत उतरते. बंद सभागृहात आग पेटवता येत नाही, म्हणून दोन हलग्या बाहेर तापत ठेवायच्या आणि मधल्या संथ भागात बदलायच्या. रचनेतच ती जागा ठेवा. फायबरची हलगी कोरडी वाजते; पावसात नाइलाज असेल तरच.

एक गोष्ट यापेक्षा महत्त्वाची आहे. हलगी वाजवणारी आणि बँडमध्ये काम करणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या ही कला जपत आली, आणि गावाने त्यांना मांडवाच्या कडेला उभं केलं. प्राचीन संस्कृतीचा गौरव करणाऱ्या कार्यक्रमात तरी त्यांना मागे उभं करू नका. हलगीवाले पहिल्या रांगेत, पत्रिकेत नाव, आणि मानधन ट्रम्पेटवाल्याइतकंच. हे जमणार नसेल तर मी नोटेशन लिहून देत नाही.

आमचे ट्रम्पेट बी फ्लॅटचे आणि सनईवाल्याची पट्टी वेगळी. कसं जुळवायचं?

बी फ्लॅट म्हणजे पेटीची काळी पाच. ट्रम्पेटवाल्यांना सा काळी पाचवर धरायला सांगा आणि सनई त्याला मिळणारी आणा. उलटं करू नका. ब्रासला दुसऱ्या पट्टीत नेलं तर उघड्या नळीचे स्वर हातातून जातात आणि सगळी मेहनत वाया जाते. थंड वाद्य उतरतं, म्हणून दहा मिनिटं फुंकून गरम केल्यावरच जुळवा.

मैदानात दोन गट लांब उभे केले तर चालेल?

शिंगांना चालेल, तालाला नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. दोन गटांत ३४ मीटर अंतर असेल तर एकाचा आवाज दुसऱ्याकडे सेकंदाचा दहावा भाग उशिरा पोचतो. मिनिटाला १२० च्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे मात्रेचा पाचवा हिस्सा गेला. हलग्या अशा विभागल्या की पाच मिनिटांत भांडण. सगळी तालवाद्यं एका जागी ठेवा, फक्त ट्रम्पेटचा दुसरा गट लांब न्या, आणि त्याच्या ओळी ठेका थांबलेला असताना ठेवा. किल्ल्याच्या तटावर किंवा शाळेच्या गच्चीवर तो गट उभा केला तर फार सुंदर लागतं.

प्राचीन वाद्यं पितळेची होती का?

बहुतेक कांस्याची किंवा तांब्याची. कांसं म्हणजे तांबं आणि कथील, पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. जस्त ९०७ अंश सेल्सियसलाच उकळून उडून जातं, त्यामुळे पितळ बनवणं अवघड होतं. तुमच्या पितळी ट्रम्पेटने काही बिघडत नाही.

मिरवणुकीत वाजवावं का?

पहिली हाळी आणि चालीचा भाग वाजवा. संथ भाग मिरवणुकीत डीजेखाली चिरडला जातो, तो सभागृहासाठी राखून ठेवा. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम वाद्यांनाही लागू आहेत: रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर वाजवायचं नाही, सणापुरती सरकारने सूट दिली असेल तेवढीच. परवानगीचा कागद पथकप्रमुखाच्या खिशात असू द्या.

कानांचं मात्र मनावर घ्या. ८५ डेसिबल आठ तास सोसतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. ट्रम्पेटच्या पुढे उभा असलेला मुलगा ते सहज ओलांडतो. कानात बोळे घालायला लाजू नये, आणि मुलांना ट्रम्पेटच्या थेट तोंडासमोर उभं करू नये.

निवेदन मराठीत करायचं की कन्नडमध्ये?

दोन्हीत. ऐकायला दोन्हीकडचे लोक येतात, वाजवणाऱ्यांतही दोन्ही असतात. सातवाहनांचं राज्य आजच्या महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र, तेलंगणात पसरलेलं होतं, त्यावर दोघांचा हक्क सारखा. निवेदन तीन मिनिटांचं ठेवा: कोणती गोष्ट उत्खननातली, कोणती शिल्पातली आणि कोणती आपण रचलेली, हे वेगवेगळं सांगा. "हेच प्राचीन संगीत" असं कधीही जाहीर करू नका.

खरी तुतारी घ्यावी म्हणतो. काय बघू?

ब्रासची बहुतेक वाद्यं मीरतच्या जाली कोठीतून येतात, जुनी घेतलीत तरी चालतात. तुतारी घेताना दिसण्यावर जाऊ नका. चकचकीत पातळ पत्र्याच्या तुताऱ्या शोभेच्या असतात. सांधे घट्ट बसतात का ते बघा, ओठ लावायची कडी खरखरीत नको. सोबत काळी पाचला लावलेली पेटी किंवा फोनवरचं ट्यूनर न्या आणि दुकानातच फुंका. तुतारीचा सा तिच्या लांबीवर ठरतो, नंतर फारसा बदलता येत नाही. पथकाच्या सा शी, नाहीतर म किंवा पा शी जुळणारी सापडली तर घ्या. नसेल सापडत तर एकाच लांबीच्या दोन घ्या आणि त्यांचा जो सा असेल तो धरून रचना नव्याने लिहा, म्हणजे ट्रम्पेटवाल्यांना व्हॉल्व्ह दाबून त्या पट्टीत उतरवता येईल.